आखूड पाय आणि मणक्याची गादी: खानापूरच्या वाचकाला उत्तर

वाचकाचे पत्र

आदरणीय डॉक्टर, सप्रेम नमस्कार. आम्ही खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. पाच वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भावाने बेळगावहून डॅशहंड जातीचे नर पिल्लू आणले. त्याचे नाव राजा. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावठी कुत्रीला त्याच्यापासून चार पिल्ले झाली आणि चारही आखूड पायांची निघाली. त्यांतली एक मादी माझ्या मेहुण्यांनी निपाणीला नेली. तिला यंदा तिथल्याच गावठी कुत्र्यापासून पाच पिल्ले झाली असून ती आता दोन महिन्यांची आहेत. त्यांतल्या दोघांचे पाय अगदी आखूड, एकाचे किंचित आखूड आणि दोघांचे चांगले लांब आहेत. माझी आई म्हणते की कुत्री गाभण असताना ग्रहण लागले होते, त्याचा हा परिणाम आहे. मेहुणे म्हणतात की हा मुडदूस आहे, म्हणून ते आखूड पायांच्या पिल्लांना रोज कॅल्शियमचे औषध पाजत आहेत. गेल्या पावसाळ्यात राजा दोन दिवस कट्ट्यावर चढेना आणि उचलले की केकाटत असे, पण इंजेक्शन दिल्यावर चार दिवसांत पूर्वीसारखा पळू लागला. आता बेळगावचे एक गृहस्थ आपल्या डॅशहंड मादीसाठी राजाला मागत आहेत आणि मोबदल्यात एक पिल्लू देऊ म्हणतात. लांब पायांची पिल्ले तरी निर्दोष समजावीत का, आणि राजाला द्यावे का?

— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर

सप्रेम नमस्कार.

राजाच्या पाठीविषयी तुम्ही जाता जाता दोन ओळी लिहून पुढे गेला आहात, आणि मला नेमकी त्याचीच सर्वांत जास्त काळजी वाटते, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. कट्ट्यावर न चढणे, उचलताच केकाटणे आणि इंजेक्शनानंतर चार दिवसांत पळू लागणे, हे वर्णन पाच वर्षांच्या डॅशहंडाचे आहे असे कळल्यावर पशुवैद्याच्या मनात पहिली शंका येते ती मणक्यांमधल्या गादीची. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करणे योग्य नाही, तरीही राजा आज बरा दिसत असला तरी त्याची पाठ एकदा नीट तपासून घ्या, असा माझा आग्रह आहे. राजाची पाठ, त्याचे आखूड पाय आणि निपाणीच्या पाच पिल्लांमधला फरक ही तीन वेगळी कोडी नाहीत; त्यांचे मूळ एकच आहे, आणि ते समजले की तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरे आपोआप हाती येतील.

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. त्यांची शंका मी उडवून लावणार नाही, कारण त्यांनी पिल्लांकडे लक्षपूर्वक पाहिले म्हणूनच त्यांना ती आली. परंतु ग्रहणामुळे पाय आखूड झाले असते, तर एकाच पोटात, एकाच वेळी वाढलेली पाचही पिल्ले सारखीच निघायला हवी होती. तशी ती निघाली नाहीत. उलट दोन वर्षांपूर्वीची चार पिल्ले, ज्यांच्या वेळच्या ग्रहणाचा तुम्ही उल्लेखही केलेला नाही, ती मात्र सगळी आखूड पायांची होती. हाच हिशेब मुडदुसालाही लागू पडतो. पाचही पिल्ले एकाच आईच्या दुधावर आणि एकाच घरच्या अन्नावर वाढली आहेत. आहारातल्या उणिवेने त्यांतली दोनच निवडून त्यांचे पाय आखूड करावेत, हे संभवत नाही.

मुडदूस कुत्र्यांना होतो, यात शंका नाही. नुसत्या भातावर किंवा नुसत्या मांसावर वाढवलेल्या पिल्लांत तो दिसतो. त्यात मनगटाचे सांधे सुजल्यासारखे जाड होतात, हाडे मऊ पडून वाकतात, पिल्लू चालायला नको म्हणते, आणि क्ष-किरण चित्रात हाडाच्या टोकाजवळची वाढीची पट्टी रुंदावलेली दिसते. तुमच्या पत्रातली आखूड पायांची पिल्ले दुखणाईत असल्याचे तुम्ही लिहिलेले नाही. तेव्हा मेहुण्यांना सांगा की डॉक्टरांनी तपासून सांगितल्याशिवाय कॅल्शियमचे औषध पाजणे थांबवावे, आणि त्यात ड जीवनसत्त्व असेल तर ते आजच थांबवावे, कारण ते शरीरात साठत जाते आणि प्रमाण वाढले की मूत्रपिंडांना इजा करते. आपल्याकडे पिल्लाला कोवळ्या उन्हात बसवण्याचा सल्लाही दिला जातो. त्याने नुकसान काही होत नाही, परंतु माणसाप्रमाणे कुत्र्याच्या कातडीत उन्हाने पुरेसे ड जीवनसत्त्व तयार होत नाही. ते त्याला अन्नातूनच मिळावे लागते.

आता मूळ कारणाकडे येतो. हात-पायांची लांब हाडे वाढतात ती त्यांच्या टोकांजवळ असलेल्या कूर्चेच्या पट्टीतून. या पट्टीतल्या पेशी एकावर एक रचल्याप्रमाणे वाढत जातात, मागून त्यांचे हाड बनत जाते, आणि वाढ पुरी झाली की पट्टी बुजते. ही वाढ कधी जोरात चालावी आणि कधी मंदावावी, हे पेशींना रासायनिक निरोपांतून कळते. अशा निरोपांपैकी एक प्रथिन म्हणजे फायब्रोब्लास्ट ग्रोथ फॅक्टर ४, थोडक्यात एफजीएफ-४. ते तयार करणारे जनुक प्रत्येक कुत्र्यात असते, मुधोळच्या लांब पायांच्या शिकारी कुत्र्यातही असते आणि राजातही असते. फरक इतकाच की राजाकडे त्या जनुकाच्या जादा नकला आहेत.

ही जादा नक्कल कशी तयार झाली, ते समजून घेण्यासारखे आहे. आपल्या भागात ज्यांच्या नावावर गुंठाभर जमीन आहे, त्या प्रत्येकाला मूळ दप्तर आणि त्याचा उतारा यांतला फरक ठाऊक असतो. पेशीतही तसेच चालते. जनुकाचे मूळ दप्तर गुणसूत्रात सुरक्षित राहते. प्रथिन बनवायचे असले की त्याचा एक उतारा निघतो. हा उतारा काढताना मूळ मजकुरातले मधले अनावश्यक भाग गाळले जातात, काम झाले की उतारा नष्ट होतो आणि दप्तर होते तसे राहते. क्वचित, अगदी क्वचित असे घडते की हा गाळीव उताराच उलट प्रक्रियेने पुन्हा मूळ भाषेत लिहिला जातो आणि दप्तरात भलत्याच पानावर कायमचा शिवला जातो. अशा परत शिवलेल्या नकलेला रेट्रोजीन म्हणतात. मधले गाळलेले भाग तिच्यात नसतात, आणि त्यावरूनच ती मूळ प्रत नसून परतलेली नक्कल आहे हे शास्त्रज्ञांना ओळखता येते. तिच्यापासून बनणारे प्रथिन सदोष नसते. ते नको तिथे आणि नको तितके बनते, हाच काय तो बिघाड. वाढीच्या पट्टीला ‘आता थांब’ असा निरोप अवेळी आणि वारंवार मिळत राहतो, आणि पाय लांब होण्यापूर्वीच वाढ मंदावते. डोके आणि धड मात्र जवळपास नेहमीच्या मापाने वाढतात, म्हणून मोठ्या धडाखाली छोटे पाय अशी आकृती तयार होते.

कुत्र्यांमध्ये अशी पहिली नक्कल २००९ साली सापडली. अमेरिकेतल्या राष्ट्रीय मानव जनुकसंच संशोधन संस्थेत एलेन ऑस्ट्रँडर यांच्या गटात काम करणाऱ्या हायडी पार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आखूड पायांच्या जाती आणि लांब पायांच्या जाती यांचे जनुकसंच ताडून पाहिले, तेव्हा डॅशहंड, कॉर्गी, बॅसेट हाउंड यांच्यासह किमान १९ जातींत १८व्या गुणसूत्रावर एकाच जागी एफजीएफ-४ची ही जादा नक्कल आढळली. जागाही तीच आणि आजूबाजूचा मजकूरही तोच असल्याने ही घटना प्रत्येक जातीत स्वतंत्रपणे घडलेली नाही, तर या जाती एकमेकींपासून वेगळ्या होण्यापूर्वी कधीतरी एकदाच घडली आणि माणसाने निवड करकरून ती ठिकठिकाणी जपली, हे स्पष्ट झाले. जर्मन शिकाऱ्यांना बिजू या प्राण्याच्या बिळात शिरणारे कुत्रे हवे होते. जर्मन भाषेत डाख्स म्हणजे बिजू आणि हुंड म्हणजे कुत्रा, त्यावरून डॅशहंड हे नाव पडले. वेल्समध्ये गुरांच्या मागच्या पायांशी राहून त्यांना हाकणारे आणि लाथ चुकवू शकणारे बुटके कुत्रे हवे होते, तिथे कॉर्गी घडला.

पायांचे उत्तर मिळाले, तरी पाठीचे मिळाले नव्हते. आखूड पायांच्या काही जातींमध्ये मणक्याची गादी तरुणपणीच खराब होते, हे स्वीडनच्या हान्स-यॉर्गन हान्सेन यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीलाच शवविच्छेदनांवरून दाखवून दिले होते, आणि गादी सरकण्याच्या दोन प्रकारांना आजही त्यांचेच नाव आहे. अडचण अशी होती की वेस्ट हायलंड टेरियरसारख्या काही जातींचे पाय आखूड असूनही त्यांच्या पाठी बऱ्यापैकी भक्कम असतात, तर बीगल आणि कॉकर स्पॅनियल यांचे पाय तितके आखूड दिसत नसूनही त्यांना गादीचा आजार होतो. म्हणजे पाठीचे कारण निराळे असणार होते. ते २०१७ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या डॅनिका बॅनाश यांच्या गटाला सापडले. एफजीएफ-४चीच आणखी एक परतलेली नक्कल १२व्या गुणसूत्रावर बसलेली आहे, आणि गादी अकाली झिजण्याचे कारण ही दुसरी नक्कल आहे.

तुमच्या प्रश्नांचे सारे मर्म या दोन नकलांच्या फरकात आहे, म्हणून इथे थोडे थांबू या. १८व्या गुणसूत्रावरची नक्कल पाय ठळकपणे आखूड करते, आणि त्यासाठी आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आलेली एक प्रत पुरते. १२व्या गुणसूत्रावरची नक्कलही पाय आखूड करते, परंतु कमी प्रमाणात. एक प्रत असेल तर थोडे, दोन असतील तर अधिक. मात्र मणक्याच्या गादीचा धोका वाढवायला तिचीही एकच प्रत पुरेशी असते. निरोगी गादीच्या मध्यभागी पाणी धरून ठेवणारा मऊ, जेलीसारखा गाभा असतो आणि भोवती तंतूंचे चिवट कडे असते. ज्या कुत्र्यात १२वरची नक्कल असते, त्याचा हा गाभा वयाच्या पहिल्या वर्षातच कूर्चेसारखा घट्ट होऊ लागतो आणि पुढे त्यात कॅल्शियम साठून तो खडूसारखा कडक होतो. मग एखाद्या दिवशी, उडी मारताना किंवा नुसते वळतानाही, भोवतालचे कडे फाटते आणि तो कडक गाभा वर असलेल्या मज्जारज्जूवर जाऊन आदळतो. हे बहुधा वयाच्या तिसऱ्या ते सातव्या वर्षाच्या दरम्यान घडते, आणि जागा बहुतेकदा बरगड्या संपून कंबर सुरू होते तिथली असते. डॅशहंड जातीत साधारण चार-पाच कुत्र्यांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो. राजा पाच वर्षांचा आहे, म्हणजे तो ऐन धोक्याच्या वयात आहे.

माणसातल्या खुजेपणाशी याचे नाते आहे का, हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. नाते आहे, पण दुरून. माणसात आखूड हात-पायांच्या खुजेपणाचा जो सर्वाधिक आढळणारा प्रकार आहे, त्यात एफजीएफआर-३ या जनुकात बदल झालेला असतो, हे १९९४ साली समजले. ते जनुक निरोप देणाऱ्या प्रथिनाचे नसून निरोप घेणाऱ्या ग्राहकाचे आहे. दाराची घंटा कोणी वाजवली नसतानाही अडकून वाजत राहावी, तसे तिथे होते; कुत्र्यात मात्र घंटा नीट असते आणि ती वाजवणारेच वाढलेले असतात. शेवट दोन्हीकडे सारखाच होतो, तो म्हणजे वाढीची पट्टी मंदावणे. फरकही मोठा आहे. माणसात तो बदल आई आणि वडील या दोघांकडून आला तर बाळ सहसा जगत नाही, तर शुद्ध डॅशहंडाच्या अंगी दोन्ही नकलांच्या दोन-दोन प्रती असूनही तो उत्तम जगतो.

आता निपाणीच्या पिल्लांकडे वळू. राजा शुद्ध डॅशहंड असेल, तर त्याच्याकडे १८वरच्या नकलेच्या दोन आणि १२वरच्या नकलेच्या दोन प्रती असण्याची शक्यता फार मोठी आहे. गावठी कुत्रीकडे यांतली बहुधा एकही नव्हती. त्यामुळे पहिल्या वेताच्या प्रत्येक पिल्लाला बापाकडून दोन्ही नकलांची एकेक प्रत मिळाली आणि चारही पिल्ले आखूड पायांची झाली. त्या कुत्रीच्या जागी मुधोळची उंच मादी असती, तरीही पिल्ले आखूड पायांचीच झाली असती. हे मी मुद्दाम लिहितो, कारण मुधोळ आपल्याला अगदी जवळचे. तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी जोपासलेली आणि २००५ साली टपाल तिकिटावर आलेली ती देखणी जात डॅशहंडाशी जुळवली की ‘पाय सुधारतील’ अशी कल्पना मी आपल्याकडे एकाहून अधिक वेळा ऐकली आहे. पाय तर सुधारत नाहीतच, शिवाय धावण्यासाठी घडलेल्या जातीच्या वंशात पाठीचा आजार मात्र शिरतो.

मेहुण्यांकडे असलेली मादी ही त्या चारांपैकी एक. तिच्याकडे दोन्ही नकलांची एकेकच प्रत आहे, आणि या नकला दोन वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असल्याने ती पिल्लांना त्या एकमेकींशी न बांधता देते. दोन नाणी एकदम उडवावीत तसे हे असते: एक नाणे १८चे, दुसरे १२चे. बाप गावठी असल्याने त्याच्याकडून काही आले नसावे. म्हणून तिच्या पिल्लांत सरासरी चौथ्या हिश्शाला दोन्ही नकला मिळतात, चौथ्या हिश्शाला फक्त १८ची, चौथ्या हिश्शाला फक्त १२ची, आणि चौथ्या हिश्शाला कोणतीच नाही. पिल्ले पाचच असली की हिशेब तंतोतंत बसत नाही, पण तुम्ही वर्णन केलेले चित्र याच्याशी चांगले जुळते. अगदी आखूड पायांच्या दोघांना १८ची नक्कल मिळालेली आहे, मग सोबत १२ची असो वा नसो. किंचित आखूड पायांच्या पिल्लाला बहुधा एकट्या १२ची मिळाली असावी. (गावात मोकळी फिरणारी कुत्री एका माजात एकाहून अधिक नरांशी जुळू शकते आणि एकाच वेतातल्या पिल्लांचे बाप वेगळे असू शकतात, पण इथे तसे मानण्याची गरज दिसत नाही.)

‘लांब पायांची पिल्ले तरी निर्दोष समजावीत का’ या प्रश्नाला माझे उत्तर नकारार्थी आहे, आणि हे उत्तर तुम्ही मेहुण्यांपर्यंत पोचवावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. नजरेला भरतो तो पायाचा आखूडपणा मुख्यतः १८वरच्या नकलेचा असतो, आणि पाठीचा धोका असतो १२वरच्या नकलेचा. ज्या पिल्लाला १८ची नक्कल मिळालेली नाही, त्याला १२ची मिळालेली असण्याची शक्यता तरीही निम्मीच राहते. किंचित आखूड पायांचे ते पिल्लू, ज्याच्याकडे पाहून घरचे म्हणत असतील की ‘हे जवळपास नीट निघाले’, तेच कदाचित पाठीच्या दृष्टीने सर्वांत जपण्यासारखे आहे. उलट अगदी आखूड पायांच्या दोघांपैकी एखाद्याला फक्त १८ची नक्कल मिळाली असेल, तर त्याची पाठ तुलनेने सुरक्षित असेल. नक्की जाणून घ्यायचे असेल तर गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने घेतलेल्या नमुन्यावरून दोन्ही नकलांची चाचणी करता येते. खर्च करणे जमणार नसेल, तर पाचही पिल्लांची पाठ जपण्यासारखी आहे असे धरून चालावे.

बुटका दिसणारा प्रत्येक कुत्रा याच कारणाने बुटका असतो, असेही समजू नका. पॉमेरेनियनसारखे छोटे कुत्रे सर्वांगाने प्रमाणबद्ध लहान असतात, त्यांची जनुके निराळी आहेत. लॅब्राडॉरमध्ये कधी कधी लांब पायांच्या दोन पालकांपोटी आखूड पायांचे पिल्लू येते. तिथे दोष अप्रभावी असतो, म्हणजे दोन्ही पालकांकडून एकेक सदोष प्रत आली तरच दिसतो. तुमच्या घरचा मामला तसा नाही.

राजाला त्या गृहस्थांच्या मादीसाठी द्यावे का, यावर माझे स्पष्ट मत असे आहे की देऊ नये. डॅशहंड नर आणि डॅशहंड मादी या जोडीत दोघांकडेही १२वरच्या नकलेच्या बहुधा दोन-दोन प्रती असतात, त्यामुळे सगळ्याच पिल्लांना ती मिळते आणि जनुकचाचणी करून चांगले-वाईट निवडायला काही उरत नाही. म्हणूनच डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड या देशांत डॅशहंड पाळणाऱ्यांनी दुसरा मार्ग धरला आहे. कुत्रा दोन ते चार वर्षांचा असताना त्याच्या संपूर्ण पाठीचे क्ष-किरण चित्र काढून कॅल्शियम साठलेल्या गाद्या किती आहेत ते मोजतात, आणि ज्यांच्यात त्या कमी आहेत त्यांचीच पैदास करतात, कारण ही संख्याही बऱ्याच अंशी वंशातून येते. ज्या कुत्र्याला पाठीचा त्रास होऊन गेला आहे, किंवा तशी दाट शंका आहे, तो या कसोटीवर पहिल्याच पायरीला गळतो. त्या गृहस्थांना तुम्ही मोकळेपणाने सांगा की गेल्या पावसाळ्यात राजाची पाठ दुखली होती. ते जाणते असतील तर स्वतःच मागे सरतील, आणि आपल्या मादीच्या पाठीचे चित्र काढून घेण्याचा विचारही करतील. मोबदल्यातले ते एक पिल्लू तुमच्या घरी आले, तर चार-पाच वर्षांनी तुम्ही याच काळजीत दुसऱ्यांदा पडाल, आणि ते दुःख मला तुमच्या वाट्याला यायला नको आहे. बेळगावात मादी ठेवलेली अशी बरीच घरे आहेत, जी हौसेपोटी आणि कोणतीही माहिती नसताना पैदास करतात. त्यांना दोष देण्याऐवजी त्यांना हे सांगणारे कोणी भेटावे, असे मला मनापासून वाटते.

राजाच्या पाठीची काळजी कशी घ्यावी, ते आता सविस्तर लिहितो, कारण जनुके बदलता येत नसली तरी हे तुमच्या हातात आहे. पहिली गोष्ट वजन. हात फिरवला की बरगड्या बोटांना सहज लागल्या पाहिजेत आणि वरून पाहिले की कंबर दिसली पाहिजे. जेवणाच्या पंक्तीतून मिळणारी भाकरी, पाहुण्यांनी कौतुकाने दिलेला कुंद्याचा तुकडा, हे सगळे आखूड पायांवरच्या लांब पाठीला सोसावे लागते. दुसरी गोष्ट उड्या. कट्ट्याला आणि सोप्याच्या उंच पायरीला एक रुंद, खरखरीत फळी उताराने लावा आणि त्याला तिच्यावरून ये-जा करायची सवय लावा. गुळगुळीत फरशीवर, विशेषतः पावसाळ्यात ओल आली की, त्याचे मागचे पाय फाकतात. त्याच्या वाटेवर गोणपाट अंथरा. गळ्यात पट्टा घालून ओढण्याऐवजी छातीभोवती बसणारा पट्टा वापरा, कारण मानेतल्या गाद्यांनाही हाच आजार होतो. उचलताना एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या भागाखाली ठेवून पाठ आडवी राहील असे उचला. पुढचे दोन पाय धरून उचलणे मुलांना आजपासून बंद करायला सांगा. रोजचे चालणे मात्र बंद करू नका. बांधून ठेवलेल्या कुत्र्याचे स्नायू सैल पडतात, आणि पाठीला आधार स्नायूंचाच असतो.

दुखणे पुन्हा उद्भवले तर गेल्या वेळेसारखे चार दिवसांत मोकळे सोडू नका. इंजेक्शनाने वेदना थांबते, फाटलेले कडे भरून येत नाही, आणि वेदना थांबली म्हणून कुत्रा उड्या मारू लागला की उरलेला गाभाही बाहेर येऊ शकतो. निदान चार आठवडे त्याला छोट्या पिंजऱ्यात किंवा खाटेभोवती फळ्या लावून केलेल्या मर्यादित जागेत ठेवावे आणि फक्त शौचासाठी, पट्टा धरून, बाहेर न्यावे. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या देऊ नका. त्यांतल्या कित्येक कुत्र्याला विषारी असतात. आधी कोणते औषध दिले होते ते नव्या डॉक्टरांना अवश्य सांगा, कारण स्टेरॉइड आणि दुसरे वेदनाशामक पाठोपाठ पोटात गेले तर जठराला भोके पडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. गेल्या वेळच्या इंजेक्शनाचे नाव कागदावर लिहून ठेवले असेल तर फार उपयोग होईल.

काही लक्षणे मात्र अशी आहेत की ती दिसताच सकाळची वाट पाहू नये. मागचे पाय लटपटणे, पंजा उलटा पडून त्याची वरची बाजू जमिनीवर घासणे, मागचा भाग ओढत चालणे, लघवी साचून राहणे किंवा नकळत होणे, ही मज्जारज्जू दाबला गेल्याची चिन्हे आहेत. डॉक्टर मागच्या पायाच्या बोटाचे हाड चिमट्याने दाबून पाहतील, तेव्हा कुत्रा पाय नुसता आखडून घेतो की वळून पाहतो, ओरडतो, यावर त्यांचे बारीक लक्ष असेल. पाय आखडणे ही नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. वेदना मेंदूपर्यंत पोचते का, हे महत्त्वाचे आहे. वेदना पोचत असेल तर शस्त्रक्रियेनंतर बहुतेक कुत्रे पुन्हा चालतात. ती पोचत नसेल तर शस्त्रक्रियेनंतरही जवळपास निम्मेच चालू शकतात, आणि तिथे एकेक तास मोलाचा असतो. अशी शस्त्रक्रिया आणि त्यासाठी लागणारे सीटी किंवा एमआरआय आपल्या तालुक्याच्या ठिकाणी होत नाही. म्हणून वेळ येण्यापूर्वीच तुमच्या डॉक्टरांना विचारून ठेवा की पुण्याकडे न्यायचे की बेंगळूरूकडे, तिथे आधी कोणाला फोन करायचा, आणि रात्री गाडी कोणाची मिळेल.

पिल्लांसाठीही हीच काळजी लहानपणापासून घ्यावी. त्यांची आणि त्यांच्या आईची पुढे पैदास होऊ नये म्हणून नसबंदी करून घ्या, परंतु डॅशहंडांच्या पाहणीत वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या कुत्र्यांत गादीचा आजार अधिक आढळला आहे, म्हणून पिल्लांची नसबंदी वाढ पूर्ण झाल्यावर, वर्ष उलटल्यानंतर करणे मला अधिक योग्य वाटते. तोवर माद्यांना माजाच्या दिवसांत घरात सांभाळावे लागेल, हे मेहुण्यांना आताच सांगा. आखूड पायांच्या दोघांना पाहून कोणी पैसे देऊ करील, कारण हे रूप लोकांना आवडते. पैसे घेऊ नका, असे मी म्हणणार नाही. पण ज्याच्या घरी उंच जिना आहे आणि कुत्रा दिवसभर एकटा वर-खाली करणार आहे, त्याला ही पिल्ले देऊ नका. तीन महिन्यांची झाली की रेबीजची लस टोचून घ्या, आणि लसीच्या कार्डावर, घरी कोण काय वाचते ते पाहून मराठीत किंवा कन्नडमध्ये, एक ओळ लिहून द्या: आजोबा डॅशहंड, पाठ जपावी, उडी मारू देऊ नये.